सरळ तास आणि मागे वळून पाहणे

थोर पुरुषाचे जतन करून ठेवलेले घर पाहावयास माणसे का जातात? घर म्हणजे शेवटी दगड, माती आणि लाकूड. त्यात राहणारा केव्हाच निघून गेलेला असतो. तरी आपण जातो, उंबऱ्याशी उभे राहतो, मुलांचा हात धरून त्यांना पुढे आणतो आणि हळू आवाजात सांगतो, "बघ, इथे तो राहत होता." त्या "बघ" ह्या शब्दात एक न बोललेली आज्ञा असते : तूही असाच हो. शब्बाथ शाळेचा शिक्षक म्हणून तीसहून अधिक वर्षे मी मुलांना हेच सांगत आलो. परंतु घर दाखवताना आपण मुलांना त्यातल्या कोणत्या खोल्या दाखवतो आणि कोणते दार हळूच लोटून घेतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडावयास निमित्त झाले परदेशातील एक शेतघर.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत मिझूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे राहतो. त्याच्या आग्रहावरून मी काही आठवडे तिकडे जाऊन राहिलो. एका शनिवारी तो म्हणाला, "काका, इथून जवळच ट्रूमनचं शेत आहे. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी तो खराखुरा शेतकरी होता. तुम्हाला आवडेल." त्याची अकरा वर्षांची मुलगीही बरोबर निघाली. शाळेत तिला नुकताच त्या काळाचा इतिहास शिकवला होता.

ग्रँडव्ह्यू हे गाव शहराच्या दक्षिणेस आहे. मनात मी मैलोगणती पसरलेले मक्याचे रान पाहत होतो. प्रत्यक्षात गाडी थांबली ती दुकानांच्या रांगा आणि वाहनांचे तळ ह्यांच्या शेजारी. एके काळी हे शेत सुमारे ६०० एकरांचे होते. १९५०च्या दशकात त्यातील बरीच जमीन विकली गेली व तेथे बाजारपेठ उभी राहिली. आता जतन केलेली जमीन आहे ती सव्वापाच एकर. झाडांच्या सावलीत एक पांढरे, दुमजली, लाकडी घर उभे आहे. पुढे ओसरी. वाडा नव्हे, बंगलाही नव्हे. बेताच्या परिस्थितीतल्या शेतकऱ्याचे घर. आम्ही गेलो त्या दिवशी दार बंद होते. आम्ही घराभोवती फिरलो, खिडकीच्या काचेला हात लावून आत डोकावलो आणि मग गवतावर बसलो.

अकरा वर्षे

हे घर हॅरी ट्रूमनच्या आजीने, हॅरिएट लुईसा यंग हिने, १८९४ साली बांधले. त्याआधीचे घर जळून गेले होते. हॅरीचा जन्म १८८४ चा. त्याच्या बापाला, जॉन ट्रूमनला, धान्याच्या सट्ट्यात मोठी खोट आली आणि घरची घडी विस्कटली. १९०१ साली शाळा संपली तेव्हा मुलाला पुढे शिकवावयास पैसा नव्हता. त्याला वाचनाची फार आवड. पण दृष्टी इतकी अधू की सैनिकी विद्यालयाचा विचारही सोडावा लागला. तो कॅन्सस सिटीत आला व बँकेत कारकून झाला. शहरात संगीत होते, नाटके होती, बरोबरीचे मित्र होते. पगारही वाढत होता.

१९०६ साली बापाचा निरोप आला : शेतावर माणूस हवा, ये. बावीस वर्षांचा हॅरी बँकेची नोकरी सोडून ह्या घरात आला. घरात वीज नाही, नळाचे पाणी नाही. त्याचे मित्र म्हणाले, हा काही महिन्यांत परत येईल. तो अकरा वर्षे राहिला.

त्या अकरा वर्षांचा दिनक्रम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात सांगण्यासारखे काहीच नाही. पहाटे उठावे, जनावरांचे पाहावे, दोन-तीन फाळांच्या नांगराला चार जनावरे जुंपावी आणि दिवसभर तास धरून चालावे. मका, गहू, ओट, गवत. गायीगुरे आणि डुकरे. पेरणी झाली की खुरपणी, खुरपणी झाली की कापणी. १९११ साली एका धष्टपुष्ट वासराने पाय मोडला तेव्हाच काय तो आराम. आजी १९०९ साली वारली. मृत्युपत्रावरून भाऊबंदकी झाली, ती मिटवताना शेतावर कर्ज चढले. १९१४ साली बाप वारला व त्याचे देणेही मुलाच्या डोक्यावर आले. खाणीत पैसा घालून पाहिला, तो बुडाला.

ह्या काळात त्याच्या मनात एकच प्रकाश होता. तो सहा वर्षांचा असताना, १८९० साली, इंडिपेंडन्स गावच्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या शब्बाथ शाळेत त्याने एक सोनेरी केसांची मुलगी पाहिली होती, बेस वॉलेस. १९१० साली एका केकची रिकामी ताटली परत करण्याच्या निमित्ताने तो तिच्या दारी गेला. १९११ साली पत्राने लग्नाची मागणी घातली. तिने नाही म्हटले. ह्याने रागावणे, रुसणे काही केले नाही. पत्रे लिहीत राहिला. शेतावरून तिच्या गावी जावयाचे तर आगगाडी नि ट्रॅम बदलत जावे लागे. लग्न झाले ते १९१९ साली, मागणी घातल्यापासून आठ वर्षांनी. आयुष्यभरात त्याने तिला लिहिलेली तेराशेवर पत्रे आज जपलेली आहेत. शेतावरचा हॅरी आपल्याला कळतो तो मुख्यतः त्या पत्रांतून.

ही वर्षे वाया गेली का?

शब्बाथ शाळेचा शिक्षक इथे लगेच धडा काढतो. मीही काढला. मुलांनो, पाहा : बापाने बोलावले, मुलगा गेला. कुरकुर केली नाही. देवाने त्या आज्ञाधारकपणाचे फळ दिले व १२ एप्रिल १९४५ रोजी त्याला राष्ट्राध्यक्षाच्या आसनावर बसवले. मोशेने सासऱ्याची मेंढरे राखली, दावीदाने बापाची, तसाच हा.

गवतावर बसल्याबसल्या मी मनात हा धडा जुळवत होतो आणि तेवढ्यात मला त्यातील खोट दिसली. ह्याच शेतावर आणखी एक मूल आज्ञाधारक होते : हॅरीची बहीण मेरी जेन. १९१७ साली महायुद्ध आले, तेव्हा वय, दृष्टी आणि शेती अशी तीन कारणे असूनही हॅरी स्वखुशीने सैन्यात गेला. मागे शेत कोणी सांभाळले? मेरी जेनने. ती अविवाहित राहिली व आईची सेवा आईच्या अंतापर्यंत तिने केली. तिने हॅरीपेक्षा कमी काय केले? तिला कोणते आसन मिळाले? आणि त्याच परगण्यात त्याच वर्षी पहाटे उठून नांगर धरणाऱ्या हजारो मुलांचे काय? त्यांची घरे कोणी राखली नाहीत. त्यांच्या ओसऱ्यांवर आता दुकाने आहेत.

कर्तव्य केले की मोठेपणा मिळतो, असे मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना कर्तव्य नव्हे, व्यापार शिकवणे आहे. मोठेपणा मिळाला नाही की तेच मूल उद्या म्हणणार, मी फसलो. हॅरीची अकरा वर्षे मोलाची ठरतात ती तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून नव्हे. तो १९१७ साली युद्धात मेला असता तरी त्यांचे मोल तेवढेच राहिले असते, जेवढे मेरी जेनच्या वर्षांचे आहे. म्हाताऱ्या आईला अन्न मिळाले, बापाचे देणे अंगावर घेतले गेले, जमीन कसली गेली. हे स्वतःच पुरेसे चांगले आहे.

इतके मान्य केल्यावर मग खुशाल म्हणावे की शेताने त्याला काही शिकवलेही. एक म्हणजे हाती घेतलेले पुरे करणे. पुढे १९२२ साली त्याचे कापडचोपडाचे दुकान बुडाले, तेव्हा दिवाळे जाहीर करून हात झटकण्याचा रस्ता कायद्याने मोकळा होता. त्याने तो धरला नाही, वर्षानुवर्षे देणी फेडत राहिला. दुसरे म्हणजे धान्याचे मोल. १९५१ साली आपल्या देशात अन्नाची भयंकर टंचाई होती. भारताला २० लाख टन धान्य द्यावे असे त्याने फेब्रुवारीत आपल्या संसदेला सांगितले. तेथील अनेक सभासद भारताच्या अलिप्ततेवर रुष्ट होते, वाद लांबला. शेवटी जूनमध्ये १९ कोटी डॉलरांच्या कर्जाचा कायदा झाला व गव्हाची जहाजे आपल्या बंदरांकडे निघाली. त्या गव्हाची पोळी खाल्लेली माणसे आपल्या मंडळ्यांतही असतील. दुष्काळ म्हणजे काय हे आकड्यांवरून कळणे वेगळे, आणि कोठारात किती उरले हे हाताने चाचपून पाहिलेल्या माणसाला कळणे वेगळे.

घराने आणखी काय दिले

इथवर सगळे गोड आहे. आता ते दार उघडले पाहिजे, जे मी आजवर लोटून घेत आलो.

ट्रूमनच्या दोन्ही बाजूंच्या आजोबांकडे गुलाम होते. हे शेत ज्या सॉलोमन यंगचे, त्याच्याकडेही होते. १८६३ साली यादवी युद्धात उत्तरेच्या सेनेने ह्या भागातील कुटुंबांना घरे सोडून जाण्याचा हुकूम दिला. हॅरीची आई तेव्हा दहा वर्षांची होती. ते अपमानाचे दिवस ती कधी विसरली नाही, आणि लिंकनचे नाव त्या घरात आदराने घेतले जात नसे. १९०५ साली हॅरी सैन्याच्या राखीव दलात भरती झाला व नवाकोरा निळा गणवेश घालून मोठ्या कौतुकाने आजीकडे आला. आजीने सुनावले, हा निळा पोशाख घालून पुन्हा ह्या घरात येऊ नकोस. निळा रंग उत्तरेच्या सैन्याचा होता. चाळीस वर्षे लोटली तरी म्हातारीच्या डोळ्यांपुढे तेच सैनिक उभे होते.

आपल्यावर झालेला अन्याय ह्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला. आपण केलेल्या अन्यायाचा कोणी उच्चार केला नाही. वाचकहो, हे फक्त मिझूरीतील घरांचेच वैशिष्ट्य आहे काय?

१९११ च्या उन्हाळ्यात ह्याच शेतावरून हॅरीने बेसला लिहिले की माणूस प्रामाणिक व सभ्य असला की सारे सारखेच, मात्र तो काळा किंवा चिनी नसावा. ह्यात काळ्या माणसासाठी वापरलेला शब्द इतका हिणकस आहे की तो मी इथे देत नाही. लिहिणारा कोण? बॅप्टिस्ट मंडळीतला, शास्त्र वाचणारा, आईबापांचा मान राखणारा, कष्टाळू तरुण. ज्या हाताने तो सरळ तास धरी, त्याच हाताने हे लिहिले. आणि लिहिताना त्याला आपण काही वाईट लिहितो आहोत असे वाटलेही नाही. तो विचार त्याने केलेला नव्हता, घरातल्या टेबलखुर्चीसारखा तो त्याला आयता मिळाला होता.

आता पुढचे पाहा. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड नावाचा एक काळा सैनिक युद्धसेवा संपवून, अंगावर गणवेश असतानाच, बसने घरी निघाला होता. सेवेतून मुक्त झाल्याला काही तासच झाले होते. दक्षिण कॅरोलिनात एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला असा मारला की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. ही हकीकत सप्टेंबरमध्ये ट्रूमनला समोर बसून सांगण्यात आली. तो हादरला. डिसेंबरमध्ये त्याने नागरी हक्कांची चौकशी समिती नेमली. २९ जून १९४७ रोजी लिंकनच्या स्मारकापाशी त्याने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेपुढे भाषण केले. त्याआधी कोणताही राष्ट्राध्यक्ष त्या संस्थेपुढे बोलला नव्हता. भाषणाच्या आदल्या दिवशी त्याने बहिणीला, त्याच मेरी जेनला, कळवले की मी जे बोलणार आहे ते आईला आवडणार नाही, कारण शेवटी मी लिंकनचे वचन घेतले आहे. पण मी बोलणार आहे ते मला पटलेले आहे. आई २६ जुलै १९४७ रोजी वारली. बरोबर एक वर्षाने, २६ जुलै १९४८ रोजी, त्याने सैन्यातील वर्णभेद बंद करण्याच्या हुकमावर सही केली. तारीख जुळली हा योगायोगच असेल. पण आईबापांचा मान राखणे व त्यांच्या चुकीला मान न देणे ह्या दोन गोष्टी एकाच मुलाला करता येतात, हे त्या दोन तारखांत स्पष्ट दिसते.

तो पूर्णपणे बदलला होता काय? नाही. खाजगी बोलण्यात जुने हिणकस शब्द त्याच्या तोंडून जात राहिले. निवृत्तीनंतर, १९६० साली, काळे विद्यार्थी उपाहारगृहांत बसून सत्याग्रह करू लागले तेव्हा त्याने त्यांच्यावर टीकाच केली. न्यायाची हाक त्याने ऐकली व ती पाळली. पण घरून आणलेले सामान त्याने पुरते टाकून दिले नाही. पालट हा एका रात्रीत होतो असे आपण साक्ष देताना म्हणतो. बहुतेकांचा पालट मात्र असाच असतो : पाऊल पुढे पडते आणि सावली मागेच राहते.

सरळ तासाचा धोका

हॅरीची आई पुढे अभिमानाने सांगे की माझ्या मुलाने पेरलेल्या मक्याच्या ओळीइतकी सरळ ओळ परगण्यात कोणाची नव्हती. शेतकरी वाचकांना ह्यातील मर्म सांगावयास नको. तास सरळ जावा असे वाटत असेल तर समोरच्या टोकाची खूण धरावी लागते. मान वळवली की नांगर वळतो. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी प्रभूने जे म्हटले ते आपणा सर्वांना पाठ आहे. मीही त्यावर अनेकदा बोललो आहे.

परंतु मागे न पाहण्याची ही सवय माणसाला कोठवर नेते? १९४५ च्या ऑगस्टमध्ये, ६ तारखेला हिरोशिमावर व ९ तारखेला नागासाकीवर अणुबाँब पडले. त्या वर्षाअखेरपर्यंत दोन्ही शहरे मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे मेली असा अंदाज आहे. नागासाकीत बाँब फुटला तो उराकामी भागावर, जेथे जपानातील ख्रिस्ती लोकांची सर्वांत मोठी वस्ती होती व त्यांचे मोठे मंदिर होते. शेकडो वर्षे छळ सोसून, लपूनछपून विश्वास टिकवलेल्यांचे ते वंशज होते. १० ऑगस्टला ट्रूमनने सांगितले की आता माझ्या हुकमावाचून आणखी बाँब टाकावयाचा नाही. त्याच्या एका मंत्र्याच्या दैनंदिनीत नोंद आहे की आणखी लाखभर माणसे, ती सारी मुले, मारण्याचा विचार आपल्याला सहन होत नाही, असे तो त्या दिवशी मंत्रिमंडळात बोलला.

म्हणजे त्या दिवशी त्याने मान वळवली होती. पण पुढे आयुष्यभर, जो विचारील त्याला, तो सांगत राहिला की निर्णय योग्य होता, मला पस्तावा नाही, माझी झोप कधी उडाली नाही. बाँबने युद्ध लवकर संपवून अधिक मोठी प्राणहानी टाळली की नाही, ह्यावर इतिहासकार आजही वाद घालतात. तो वाद ह्या पानावर मिटणार नाही. माझा प्रश्न त्याहून लहान व त्याहून जवळचा आहे. समजा, निर्णय अटळ होता. तरीही त्यासाठी रडावयाचे नाही काय? योग्य वाटलेल्या कृत्याखाली चिरडलेल्यांकडे पाहावयाचे नाही काय?

शेताने हॅरीला मागे न पाहावयास शिकवले. हा गुण आहे, ह्यात शंका नाही. त्यावाचून कोणतेही लांबचे काम पुरे होत नाही. परंतु गुण एकटा राहिला की तो आंधळा होतो. पश्चात्ताप ह्या शब्दातच "मागाहून" हा अर्थ आहे. नांगरताना मागे पाहू नये हे खरे, पण शेताच्या टोकाला पोहोचल्यावर शहाणा शेतकरी जनावरे थांबवतो, वळतो आणि आपण काय केले ते पाहतो. तास वाकडा गेला असेल तर त्याला तो तेथूनच दिसतो. एखादे पाखराचे घरटे फाळाखाली आले असेल तर तेही. प्रभूने मागे पाहू नका म्हटले ते सोडून आलेल्या सुखासाठी हळहळणाऱ्याला. आपल्या पावलांखाली कोण आले हे पाहू नका, असे त्याने कोणाला म्हटलेले नाही.

मुलीचा प्रश्न आणि आमच्या घरचा कप

आम्ही गवतावर बसून हे सारे बोललो. पुतण्या बराच इतिहास जाणतो. मुलगी ऐकत होती. अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत तिने विचारले, "आजोबा, मग तो चांगला होता की वाईट?"

इतकी वर्षे मुलांना शिकवून मला उत्तर सुचले नाही. पुतण्या म्हणाला, "माणूस होता गं." ती म्हणाली, "ते तर सगळेच असतात." आणि मग ती घराकडे पाहत बसली.

त्या क्षणी मला मिझूरीतले ते घर दिसेनासे झाले व बेळगाव भागातले आमचे गावाकडचे घर दिसू लागले. माझे आजोबा मंडळीचे वडील होते. दर रविवारी पाच मैल चालत उपासनेस जात. दुष्काळात त्यांनी आपल्या कणगीतली ज्वारी वाटली. शब्बाथ शाळेत दर वर्षी मी त्यांची गोष्ट सांगतो, आणि ती खरी आहे. पण त्याच घराच्या वळचणीला एक कान तुटलेला कप असे. शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यात चहा मिळे. तो कप घरातल्या कपांत येत नसे. चहा वरून ओतत, आणि पिऊन झाल्यावर तो म्हातारा स्वतः कप विसळून पुन्हा वळचणीला ठेवी. आमचेच पूर्वज एके काळी गावकुसाबाहेर राहत होते. ख्रिस्ती झाल्यावर आम्ही मान वर करून चालू लागलो, आणि आमच्याहून खालचा समजला जाणारा एक माणूस आम्हीही शोधून काढला. आमच्यावर झालेल्या अन्यायाच्या कथा आमच्या घरी रात्ररात्र चालत. कपाविषयी कोणी काही बोलत नसे. लहानपणी तो कप मी स्वतः त्या म्हाताऱ्यापुढे सरकवला आहे, बोटाने, दुरून.

मुलीला मी ही हकीकत तेथेच सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी सॉरी म्हणालात?" मी म्हणालो, नाही. ते वारले तेव्हा मी शहरात शिकत होतो. ती आणखी काही बोलली नाही. माझ्या हातावर हात ठेवून बसली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते. पण तिला जे विचारावयाचे होते ते कदाचित हेच असावे, की चांगल्या माणसांच्या घरातला असा कप कोणी बाहेर काढून दाखवतो की नाही.

शिक्षक बंधुभगिनींना

पवित्र शास्त्र आपल्या थोर पुरुषांची घरे आपल्याला कशी दाखवते ते पाहा. दावीदाची मेंढरे दाखवते, गोफण दाखवते, आणि राजवाड्याचे ते गच्चीवरचे दारही उघडे ठेवते. पेत्राचे धैर्य दाखवते व कोंबडा आरवण्याची ती पहाटही. ते झाकावयास कोणी तरी सुचवले असेलच; पण झाकले नाही. मग आपणच आपल्या आजोबांविषयी, पाळकांविषयी, मिशनऱ्यांविषयी व पुढाऱ्यांविषयी बोलताना दारे का लोटतो? आपल्याला भय वाटते की मुलांची श्रद्धा ढळेल. माझा अनुभव आता वेगळा आहे. निष्कलंक माणसाची गोष्ट ऐकून मूल मान डोलावते व मनात म्हणते, हे मला जमणार नाही. जो वाईट सामान घेऊन घराबाहेर पडला आणि त्यातले निम्मे तरी वाटेत टाकू शकला, त्याची गोष्ट ऐकून ते म्हणते, हे कदाचित मला जमेल.

तेव्हा माझी नम्र सूचना आहे. मुलांना थोरांची घरे अवश्य दाखवा. पहाटे उठणाऱ्याचे कौतुक करा. बापाच्या हाकेला ओ देणाऱ्याचा, देणे फेडणाऱ्याचा, आठ वर्षे वाट पाहणाऱ्याचा आदर शिकवा. मेरी जेनचेही नाव घ्या, जिच्या नावाने घर राखलेले नाही. मग न कचरता पुढचे दार उघडा व म्हणा, इथे हेही होते. त्याला कोणता वारसा मिळाला, त्यातला किती त्याने नाकारला, किती त्याला नाकारता आला नाही, आणि कोठे त्याने मान वळवून पाहावयास हवे होते, हे मुलांनाच ठरवू द्या. शेवटी त्यांना त्यांच्या स्वतःच्या घराविषयी विचारा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी वर्गात आजोबांची गोष्ट सांगितली, पाच मैलांची आणि कपाचीही. वर्ग बराच वेळ गप्प होता. मंडळीतील एका जुन्या सभासदाला ते रुचले नाही; गेलेल्या माणसाविषयी असे बोलू नये, असे ते मला बाहेर येऊन म्हणाले. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले, कारण माझ्याही मनात तेच होते. पण वर्ग सुटल्यावर एक लहान मुलगा घुटमळत माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी येते. तिचा कप खिडकीत असतो."

मी त्याला विचारले, "मग काय करावं असं तुला वाटतं?"

तो म्हणाला, "आज आईला विचारतो."